गव्हाचा भाव, रेल्वेचे शेअर्स आणि कॉन्सुएलोचं लग्न

एका लग्नाच्या करारनाम्यापासून सुरू करते. तारीख ६ नोव्हेंबर १८९५, शहर न्यूयॉर्क. मुलगी कॉन्सुएलो व्हँडरबिल्ट, वय वर्षं १८. मुलगा इंग्लंडचा नववा ड्यूक ऑफ मार्लबरो (ड्यूक म्हणजे तिथल्या सरदारांमधला सगळ्यात वरचा किताब), अजून चोवीस पूर्ण व्हायचे होते. करारात लिहिलंय की मुलीचे वडील बीच क्रीक रेल्वे कंपनीचे ५० हजार शेअर्स देणार, किंमत २५ लाख डॉलर, त्यावर वर्षाला कमीत कमी ४ टक्के डिव्हिडंड मिळेल याची हमी न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेची, आणि हे उत्पन्न ड्यूकला तो जिवंत असेपर्यंत. शिवाय नवरा-बायको दोघांना दरवर्षी एकेक लाख डॉलर वेगळे. त्या वेळच्या हिशोबाने नुसत्या शेअर्सचेच पाच लाखांहून जास्त पौंड होतात.

आपल्याकडे याला हुंडा म्हणतात, आणि मला वाटतं इथेही तोच शब्द वापरावा. इंग्रजीत याला मोठी गोड नावं आहेत, त्या काळात अमेरिकेतून लग्न करून गेलेल्या अशा मुलींना डॉलर प्रिन्सेस म्हणायचे, पण याद्या झाल्या, वकील बसले, आकडा ठरला, सह्या झाल्या, मग मुलगी पाठवली, हे सगळं आपल्याला चांगलंच ओळखीचं आहे.

आता प्रश्न असा की ज्याच्याकडे राजवाडा आहे, हजारो एकर जमीन आहे, त्या माणसाला अमेरिकेतल्या कुठल्याशा रेल्वेच्या शेअर्सची गरज का पडावी? बहुतेक ठिकाणी कॉन्सुएलोची गोष्ट तिच्या मोत्यांपासून आणि आईच्या जाचापासून सुरू होते, पण खरं कारण कळायचं असेल तर आधी गव्हाकडे बघायला लागतं.

इंग्लंडच्या सरदार घराण्यांचा पैसा कुठून यायचा? जमिनीतून. ते स्वतः शेती करायचे नाहीत, जमीन कुळांना कसायला द्यायची आणि खंड घ्यायचा. गव्हाला भाव असेल तर कूळ खंड देऊ शकतो, भाव पडला की कूळ सूट मागतो, किंवा जमीन सोडून निघून जातो. १८४६ साली ब्रिटनने धान्यावरची आयात जकात काढायचं ठरवलं, म्हणजे बाहेरचा गहू यायला दार उघडं झालं. पण पुढची पंचवीस-तीस वर्षं फारसं काही बिघडलं नाही, कारण बाहेरून गहू आणायचा खर्चच एवढा होता की स्थानिक गव्हाला धक्का लागत नव्हता. तो खर्च कमी केला अमेरिकेतल्या रेल्वेने आणि आगबोटींनी. मिडवेस्टमधल्या सपाट जमिनीवर अफाट गहू पिकायला लागला, तो रेल्वेने बंदरात यायचा, तिथून बोटीने लिव्हरपूलला. १८७७ च्या सुमाराला इंग्लंडमध्ये एका क्वार्टर गव्हाला (हे तिथलं जुनं माप, २०० किलोपेक्षा थोडं जास्त) साधारण ५६ शिलिंग मिळायचे, १८९४ साली तो भाव २३ शिलिंगच्या आसपास आला. म्हणजे निम्म्याहूनही खाली. १८७० च्या दशकाच्या शेवटी लागोपाठ पावसाने पिकंही बुडाली, आणि गंमत अशी की पीक बुडालं की भाव चढायचा तोही आता चढेना, कारण बाहेरचा गहू तयारच होता.

न्यूयॉर्क सेंट्रल ही रेल्वे नेमकं हेच करत होती, ग्रेट लेक्सच्या बाजूचं धान्य न्यूयॉर्कच्या बंदराकडे ओढत आणत होती. व्हँडरबिल्टांचा पैसा या रेल्वेचा. म्हणजे ज्या रेल्वेने इंग्लंडच्या जमीनदाराचा खंड पाडला त्याच रेल्वेच्या हमीवर त्या जमीनदाराचं घर पुन्हा उभं राहिलं, आणि मध्ये कोण, तर अठरा वर्षांची एक मुलगी. हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ त्याच विचारात होते. या लग्नात फक्त एका आईची हौस नव्हती, दोन देशांच्या शेतीबाजाराचा हिशोब त्या एका सहीत आला होता.

बरं, उत्पन्न कमी झालं तर थोडी जमीन विकावी, एक वाडा विकावा, असं आपल्याला वाटेल. पण तिथला कायदा तसा नव्हता. मोठ्या घराण्यांची इस्टेट पिढ्यानपिढ्या बांधून ठेवलेली असायची, म्हणजे आज जो ड्यूक आहे तो खरा मालक नाहीच, तो फक्त हयातभर उपभोग घेणारा, आणि पुढच्या वारसाकडे ती जशीच्या तशी पोचवायची जबाबदारी त्याच्यावर. सगळी इस्टेट थोरल्या मुलाला, धाकट्यांना थोडाफार वार्षिक भत्ता, मुलींना लग्नात काय मिळेल ते. आपल्याकडे भाऊहिस्से होऊन वाड्याच्या खोल्या खोल्या वाटल्या जातात, तिकडे तुकडे होऊ नयेत म्हणून हे सगळं केलेलं. त्यामुळे घराणं कागदावर श्रीमंत आणि हातात रोख नाही अशी अवस्था. १८८२ साली कायदा बदलून विकायची थोडी मोकळीक दिली, पण तोपर्यंत जमिनीलाच भाव राहिला नव्हता. १८९४ मध्ये वारसा कर वाढवला गेला, ती आणखी एक धास्ती.

मार्लबरो घराण्याची तर फारच ओढाताण चालली होती. त्यांचा ब्लेनहाइम पॅलेस ऑक्सफर्डजवळ वुडस्टॉकला आहे. पहिल्या ड्यूकने १७०४ साली ब्लेनहाइमच्या लढाईत फ्रेंचांना हरवलं म्हणून राणी ॲनने ती जागा दिली आणि तिथे एवढी प्रचंड वास्तू उभी राहिली की छपराची डागडुजी हाच एक कायमचा खर्च. इतर ड्यूकांच्या मानाने जमीन कमी आणि घर अवाढव्य. मग घरातलं एकेक बाहेर जायला लागलं. सातव्या ड्यूकने १८७५ साली कोरीव रत्नांचा संग्रह विकला, मग १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला संडरलँड लायब्ररी नावाचा हजारो पुस्तकांचा खजिना लिलावात गेला, त्यासाठी पार्लमेंटकडून खास परवानगी घ्यायला लागली. आठव्याने चित्रं विकायला काढली, त्यातलं राफाएलचं मॅडोनाचं, म्हणजे येशूच्या आईचं, एकटं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीने १८८५ मध्ये ७० हजार पौंडांना घेतलं. या आठव्या ड्यूकनेही नंतर एका श्रीमंत अमेरिकन विधवेशी लग्न केलं आणि तिच्या पैशातून राजवाड्यात बरीच कामं झाली. कॉन्सुएलोचा नवरा म्हणजे याच ड्यूकचा पहिल्या बायकोपासूनचा मुलगा चार्ल्स, घरात सगळे त्याला सनी म्हणायचे, स्वभाव हसरा म्हणून नाही, लहानपणी तो अर्ल ऑफ संडरलँड होता त्यावरून. त्याच्यासमोर चित्र स्पष्ट होतं, विकण्यासारखं बरंच विकून झालंय, घर गळतंय, आणि एकच रस्ता उरलाय जो वडिलांनीही धरला होता.

आता दुसरी बाजू, व्हँडरबिल्ट.

कॉन्सुएलोचे पणजोबा कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवरून होडीने माणसं आणि माल ने-आण करायचे, तिथून आगबोटी, मग रेल्वे, आणि १८७७ च्या जानेवारीत वारले तेव्हा मागे साधारण १० कोटी डॉलर. त्याच वर्षी मार्चमध्ये कॉन्सुएलो जन्मली. आजोबांनी आठ-नऊ वर्षांत त्याचे दुप्पट केले. एवढं असूनही न्यूयॉर्कच्या जुन्या घराण्यांच्या लेखी हे लोक नवश्रीमंत, घरी बोलवायच्या लायकीचे नाहीत. मिसेस ॲस्टर या बाई तिथल्या सोसायटीच्या कर्त्या, त्यांनी मान्य केलं तर तुम्ही आत, नाहीतर बाहेर. कॉन्सुएलोची आई अल्वा, मूळची दक्षिणेतल्या अलाबामाची, हिने हे सहन केलं नाही. मार्च १८८३ मध्ये तिने फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या नव्या घरात एवढी मोठी फॅन्सी ड्रेस पार्टी ठेवली की सगळ्या शहराला आमंत्रण हवं झालं, आणि मिसेस ॲस्टरच्या मुलीला यायचं होतं, पण आईने कधी व्हँडरबिल्टांच्या घरी भेट दिलेली नव्हती, मग बोलावणार कसं? शेवटी मिसेस ॲस्टरला आपलं भेटीचं कार्ड पाठवावं लागलं, म्हणजे रीतसर ओळख मान्य करावी लागली. अल्वा जिंकली. पुढे न्यूपोर्टला तिने समुद्रकाठी मार्बल हाउस बांधून घेतलं, त्याला १ कोटी १० लाख डॉलर लागले असं सांगतात आणि त्यातले बरेचसे निव्वळ संगमरवराचे.

याच बाईने १८९५ च्या मार्चमध्ये नवऱ्याला घटस्फोट दिला. त्या काळात त्या वर्तुळात हे कोणी करत नव्हतं. म्हणजे जी दारं एवढ्या कष्टाने उघडली ती परत बंद व्हायची वेळ आली होती. मुलगी डचेस, म्हणजे ड्यूकची बायको, झाली तर कोणाची हिंमत होणार दार लावायची? अल्वाच्या घाईमागे हे एक मोठं कारण होतं असं मला वाटतं.

आता कॉन्सुएलो. तिचं नावसुद्धा आईच्या मैत्रिणीवरून ठेवलेलं, कॉन्सुएलो इझ्नागा, जिचं लग्न १८७६ साली ड्यूक ऑफ मँचेस्टरच्या मुलाशी झालं होतं. लहानपणी ताठ बसायची सवय लागावी म्हणून अभ्यासाच्या वेळी पाठीला लोखंडी पट्टी बांधायचे, कमरेला एक पट्टा आणि कपाळावरून एक पट्टा, हे तिने म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात सांगितलंय. कपडे आई निवडणार, मतं आईची. फ्रेंच, जर्मन उत्तम यायचं, हुशार होती. सतरा-अठराव्या वर्षी तिचं मन विन्थ्रॉप रदरफर्ड नावाच्या तरुणावर बसलं, चांगल्या जुन्या घराण्यातला, देखणा. तिच्या अठराव्या वाढदिवसाला सगळे सायकलवर फिरायला गेले असताना हे दोघं जरा पुढे निघून गेले, त्याने विचारलं आणि ती हो म्हणाली. बस, एवढंच, तेवढ्या वेळापुरतंच. आईला कळलं. तिला लगेच युरोपला नेलं, पत्रं तिच्यापर्यंत पोचूच दिली नाहीत, तिने लिहिलेलीही गेली नाहीत. न्यूपोर्टला परत आल्यावर तिने धीर करून आईला सांगितलं की मी त्याच्याशीच लग्न करणार, तर आई म्हणाली त्याला गोळी घालीन, आणि मग आईला हार्ट अटॅक आलाय, तुझ्यामुळे आलाय, असं तिला सांगण्यात आलं. मुलगी वाकली. सप्टेंबरमध्ये मार्बल हाउसच्या गॉथिक खोलीत, जिथे रंगीत काचांमुळे भर दिवसा अंधार असायचा, ड्यूकने मागणी घातली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हे सगळं आपल्याला बहुतांशी कॉन्सुएलोच्याच तोंडून माहीत आहे, आणि पुढे येईलच की ‘मला जबरदस्तीने लग्न करायला लावलं’ हे सिद्ध करायची तिला एकदा कायद्याने गरज पडली होती. त्यामुळे काही तपशील थोडे गडद झाले असतील. पण खुद्द आईने नंतर शपथेवर हेच सांगितलं, तेव्हा मूळ गोष्टीवर शंका घ्यायचं कारण मला दिसत नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी ती एकटी खोलीत रडत होती, दाराबाहेर नोकर उभा केलेला. वडिलांबरोबर ती सेंट थॉमस चर्चला वीस मिनिटं उशिरा पोचली कारण डोळे सुजले होते, ते उतरवायला वेळ लागला. रस्त्यावर एवढी गर्दी की पोलिसांना आवरेना. पेपरात तिच्या आतल्या कपड्यांपर्यंतच्या बातम्या आल्या होत्या, विचार करा, अठरा वर्षांची मुलगी. वडील सोडून बाकीच्या व्हँडरबिल्ट नातेवाईकांना अल्वाने बहुतेक बाहेरच ठेवलं. आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवऱ्याने सांगून टाकलं की इंग्लंडमध्ये माझं दुसऱ्या मुलीवर प्रेम होतं, ब्लेनहाइम वाचवायचं म्हणून ते सोडलं. खरं बोलला हे त्यातल्या त्यात बरं म्हणायचं का, मला नाही ठरवता येत. त्याचाही कोंडमारा झालाच होता, फक्त त्याचा निर्णय त्याने स्वतः घेतला होता आणि तिचा दुसऱ्याने, हा फरक छोटा नाही.

सासरी पहिल्या दिवशी वुडस्टॉक स्टेशनवर महापौर आणि लोक स्वागताला. महापौरांनी भाषणात सांगितलं की अमेरिकेचा शोध लागायच्या आधीपासून आमच्या गावाला महापौर आणि कॉर्पोरेशन आहे. मग बग्गीचे घोडे सोडले आणि माणसांनी ती ओढत राजवाड्यापर्यंत नेली, तिला ते बघून फार अवघडल्यासारखं झालं. दिलेल्या खोलीत पलंगासमोरच्या शेकोटीवर सासऱ्यांनी अक्षरं कोरून घेतलेली, धूळ, राख, काही नाही. रोज सकाळी डोळे उघडले की हे समोर.

आणि आजेसासूबाई. त्यांनी तिला निरखून बघितलं आणि स्पष्ट सांगितलं की तुझं पहिलं काम म्हणजे मूल, आणि मुलगाच, कारण तो उपटसुंभ विन्स्टन ड्यूक झाला तर ते आम्हाला सहन होणार नाही. विन्स्टन म्हणजे विन्स्टन चर्चिल, सनीचा चुलतभाऊ, त्या वेळी एकवीस वर्षांचा लष्करातला पोरगा. त्याचे वडील रँडॉल्फ १८९५ च्या जानेवारीत वारले होते, त्यामुळे सनीला मुलगा होईपर्यंत पुढचा वारस तोच होता. विन्स्टनची आई जेनी जेरोमसुद्धा न्यूयॉर्कची, १८७४ साली अशाच लाटेच्या सुरुवातीला लग्न करून आलेली. कॉन्सुएलोला सप्टेंबर १८९७ मध्ये मुलगा झाला, जॉन, आणि पुढच्या वर्षी दुसरा, आयव्हर. वारस झाला आणि जोडीला एक राखीवही झाला. घराण्याच्या दृष्टीने तिचं काम एकविसाव्या वर्षी संपलं. आणि विन्स्टनशी तिची शेवटपर्यंत छान मैत्री राहिली, हे मला फार आवडतं.

घरातली शिस्त कशी, तर एकदा तिने बटलरला शेकोटी पेटवायला सांगितली, तो अदबीने वाकला आणि म्हणाला मी फूटमनला (हाताखालच्या नोकराला) पाठवतो, कारण काडी ओढणं हे त्याच्या हुद्द्याचं काम नव्हतं. ती म्हणाली राहू दे, मीच पेटवते. रात्रीचं जेवण दोघांचंच असलं की ड्यूक ताट पुढे सारून, अंगठी फिरवत, विचारात गढून पंधरा-पंधरा मिनिटं गप्प बसायचा, तिने शेवटी विणकाम घेऊन बसायला सुरुवात केली. तिला हळूहळू कमी ऐकूही यायला लागलं होतं, त्यामुळे त्या मोठ्या टेबलाच्या टोकाला ती किती एकटी असेल याची कल्पना करवत नाही.

एक प्रसंग मात्र मी कोणालाही सांगते. राजवाड्यात जेवणानंतर उरलेलं अन्न डब्यांत भरून आसपासच्या गरिबांना द्यायची पद्धत होती, पण मांस, भाज्या, गोड, सगळं एकाच डब्यात कोंबायचे. तिने बघितलं आणि प्रत्येक गोष्ट वेगळ्या डब्यात द्यायला लावली. इतक्या पिढ्यांत कुणाला हे सुचलं नव्हतं! कुणाला दान करतोय म्हणून त्याला चव नसते असं थोडंच आहे.

ड्यूकने पैसा ब्लेनहाइमवर ओतला, दालनांना नव्याने सोन्याचा मुलामा, समोरचं आवार, झाडांच्या रांगा, बागा, आणि ते काम त्याने खरोखर जीव लावून केलं, आज तिथे जाणाऱ्याला जे दिसतं त्यात त्याचा मोठा वाटा आहे. तिच्या वडिलांनी लंडनमध्ये कर्झन स्ट्रीटला त्यांना वेगळं घर बांधून दिलं. १९०२ च्या ऑगस्टमध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकात राणी अलेक्झांड्रावर छत्र धरणाऱ्या चार डचेसपैकी ती एक होती. १९०५ मध्ये सार्जंट या चित्रकाराने त्या चौकोनी कुटुंबाचं भलंमोठं चित्र काढलं, त्यात नवरा-बायको शेजारी आहेत पण सोबत नाहीत असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

आपल्याकडचा धागाही इथे आहे. १९०३ च्या जानेवारीत दिल्ली दरबार झाला, त्याला मार्लबरो दांपत्य व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनचे पाहुणे म्हणून आलं होतं. कर्झनची बायको मेरी लायटर, शिकागोच्या एका मोठ्या व्यापाऱ्याची मुलगी, तिचंही लग्न त्याच १८९५ साली, एप्रिलमध्ये. म्हणजे ज्या कर्झनला आपण वंगभंगामुळे शाळेपासून ओळखतो, तो १८९८ च्या डिसेंबरात मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरला तेव्हा बरोबर अमेरिकन बायको होती, आणि कर्झनच्या थाटामागे सासऱ्याच्या पैशाचा मोठा आधार होता. दरबारात तिने घातलेला मोराच्या पिसांच्या नक्षीचा तो प्रसिद्ध झगा, जरदोजीचं काम दिल्लीच्या कारागिरांचं, शिवला पॅरिसमध्ये, पिसातला एकेक डोळा किड्याच्या चमकत्या पंखांनी केलेला. मेरी १९०६ मध्ये ३६ व्या वर्षी गेली. तिचं नवऱ्यावर मनापासून प्रेम होतं, त्यामुळे अशी सगळीच लग्नं कॉन्सुएलोसारखी होती असं म्हणणं बरोबर नाही. पहिल्या महायुद्धापर्यंत अशा शंभराहून जास्त मुली ब्रिटिश सरदार घराण्यांत गेल्या, काही सुखी झाल्या, काही नाही.

१९०६ साली कॉन्सुएलो आणि सनी वेगळे झाले. तोपर्यंत दोघांचीही मनं दुसरीकडे गुंतून झाली होती. वेगळे झाले, पण घटस्फोट नाही, तो मिळायला १९२१ उजाडलं. पंधरा वर्षं का लागली? एक तर समाज, आणि दुसरं म्हणजे कायदा. इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्याप्रमाणे नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे, पण बायकोला नवऱ्याचा नुसता व्यभिचार दाखवून भागायचं नाही, जोडीला क्रूरपणा किंवा सोडून जाणं असंही काहीतरी सिद्ध करायला लागायचं. आणि दोघांनाही घटस्फोट हवाय असं कोर्टाला कळलं तर अर्जच फेटाळला जायचा! म्हणून ज्यांना शांतपणे वेगळं व्हायचं त्यांनाही खोटं नाटक उभं करायला लागायचं, आधी पुन्हा एकत्र आलो असं दाखवायचं, मग नवऱ्याने सोडून जायचं, मग हॉटेलात दुसऱ्या बाईबरोबर राहिल्याचा पुरावा. यांनीही असंच केलं. स्त्री-पुरुषांसाठी नियम सारखा झाला १९२३ मध्ये, म्हणजे यांच्यानंतर दोन वर्षांनी. एवढं सगळं होऊनही ड्यूकचं रेल्वेचं उत्पन्न चालूच राहिलं, कारण करारात तहहयात लिहिलं होतं.

वेगळं झाल्यानंतरचं तिचं आयुष्य मला जास्त मोठं वाटतं, आणि तेच नेमकं लोक दोन ओळींत संपवतात. ती लंडनमध्ये बायकांच्या शिक्षणासाठी, तुरुंगात गेलेल्यांच्या बायकांना काम मिळावं म्हणून, लहान मुलांच्या आरोग्यासाठी झटली, मुलींच्या बेडफर्ड कॉलेजसाठी पैसे उभे केले, बायकांनी नगरपालिकेच्या कारभारात यावं म्हणून संघटना काढली, आणि १९१७ मध्ये स्वतः शहराचा कारभार बघणाऱ्या लंडन काउंटी कौन्सिलवर गेली, तेही साउथवर्कसारख्या गरीब वस्तीच्या भागातून. कमी ऐकू येत असताना सभांमध्ये उभं राहून बोलणं सोपं नव्हतं.

आणि अल्वा? जिने मुलीला कोंडून ठेवलं तीच बाई नंतर अमेरिकेत बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीची मोठी पुढारी झाली, आपला पैसा तिथे ओतला, मार्बल हाउसचे दरवाजे सभांसाठी उघडले. १९१४ च्या जुलैमध्ये तिथे बायकांची परिषद भरली तेव्हा भाषण करायला कॉन्सुएलो आली होती, त्याच घरात जिथे एकोणीस वर्षांपूर्वी तिला होकार द्यायला लावला होता. आई-मुलीत तोपर्यंत समेट झाला होता. अल्वाबद्दल मला राग येतो आणि आदरही वाटतो, दोन्ही खरं आहे.

१९२१ च्या ४ जुलैला कॉन्सुएलोने जॅक बाल्सां या फ्रेंच माणसाशी लग्न केलं, विमान आणि बलून उडवणाऱ्या पहिल्या पिढीतला. हे लग्न तिच्या मर्जीचं आणि सुखाचं. पण बाल्सांचं घर कॅथलिक, त्यांच्या दृष्टीने घटस्फोटाला अर्थ नाही, पहिलं लग्न चर्चच्या लेखी उभंच आहे. म्हणून ते लग्न चर्चकडून रद्द करून घ्यायला लागलं. घटस्फोट म्हणजे बसलेली गाठ सोडणं, आणि रद्द करणं म्हणजे गाठ बसलीच नव्हती असं ठरवणं, आणि त्यासाठी मुलीची संमती खरी नव्हती हे दाखवायला लागतं. तेव्हा सत्तरीच्या आसपास असलेली अल्वा पुढे आली आणि तिने साक्ष दिली की मी जबरदस्ती केली, मुलीवर माझी पूर्ण सत्ता होती, मी तिला विचारलं नाही, हुकूम दिला. १९२६ मध्ये रोमच्या चर्च कोर्टाने ते मान्य केलं. मुलांच्या वारसाहक्काला काही धक्का लागला नाही, कारण देशाच्या कायद्यात ते लग्न होतंच. पण एका आईने जगासमोर असं कबूल करणं, आणि तेही मुलीला सुखाने राहता यावं म्हणून, याला मी माफी मागणंच समजते.

पुढची वर्षं फ्रान्समध्ये गेली. नॉर्मंडीत घर, तिथे आजारी मुलांसाठी आरोग्यधाम चालवलं, पॅरिसजवळ हॉस्पिटलसाठी पैसे जमवले, फ्रेंच सरकारने लीजन ऑफ ऑनर हा सन्मान दिला. १९३९ च्या ऑगस्टमध्ये, युद्ध सुरू व्हायच्या अगदी काही दिवस आधी, विन्स्टन तिच्याकडे राहायला आला होता आणि बागेत चित्रं काढत बसायचा. पुढच्या वर्षी जर्मन आले आणि बाल्सां नवरा-बायकोला सगळं टाकून अमेरिकेला निघावं लागलं.

६ डिसेंबर १९६४ ला ती लाँग आयलंडवर गेली, वय ८७. अमेरिकेत जन्मली, अमेरिकेतच गेली, पण दफन व्हायचं तिने ठरवलं होतं ब्लेनहाइमच्या जवळ ब्लेडन गावच्या चर्चच्या आवारात, कारण धाकटा आयव्हर तिच्या आधीच, १९५६ मध्ये गेला होता आणि तो तिथे आहे. जेमतेम आठ आठवड्यांनी, ३० जानेवारी १९६५ ला, त्याच छोट्या आवारात आणखी एक दफन झालं, ज्याला ड्यूक होऊ द्यायचं नाही म्हणून तिला मुलगा हवाच होता तो, विन्स्टन.